मदत हवी आहे: कट्ट्यावर दुखावलेल्या काकांकडे काय तोंड घेऊन जाऊ?

नमस्कार मंडळी,

बेळगावात टिळकवाडीला आमचा दर रविवारी सकाळी वाचनकट्टा भरतो. बारा-पंधरा जण, चहा, कुणी आणला तर कुंदा, आणि आठवड्याच्या बातम्या. तीन रविवारांमागे गाझाचा विषय निघाला आणि कट्टा मोडायची वेळ आली. कट्टा मी चालवतो, त्यामुळे मलाच हे निस्तरायला हवं.

सुरुवात चांगली झाली होती. आमच्या गुरुजींनी भारताचं धोरण कसं बदलत गेलं ते सांगितलं. 1947 साली पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत, 1950 मध्ये इस्रायलला मान्यता, 1988 मध्ये पॅलेस्टाईनला, आणि इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध थेट 1992 मध्ये. मग येळ्ळूरचा एक पोरगा उठला. 2014 साली त्यांच्या गावचा 'महाराष्ट्र राज्य' हा फलक पाडला, तेव्हा हा शाळेत होता. ते त्याच्या मनातून अजून गेलेलं नाही. म्हणाला, "त्यांचं दुःख आम्हालाच कळणार, आम्हीपण ताब्यातलेच की ओ!" टाळ्या पडल्या. टाळ्यांनी तो आणखी चढला, 'इस्रायल'च्या जागी 'ज्यू' कधी आलं कुणाच्या ध्यानातही आलं नाही, आणि शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "हिटलरचंच बरोबर होतं."

खिडकीपाशी काका बसले होते. रेल्वेतून निवृत्त, घरात मराठीच, मूळ अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद, त्यांच्यातले. कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांना हे ठाऊकच नव्हतं. काकांनी चष्मा काढून डबीत ठेवला, अर्धा चहा तसाच सोडला, "येतो" म्हणाले आणि गेले. छत्री दाराशी राहिली, ती अजून तिथेच आहे. फोन केला तर उचलतात, पण "तब्येत बरी नाही" एवढंच म्हणतात.

मीही त्या वेळी गप्प बसलो. ते मला झोपू देत नाही. साठ लाख ज्यू मारले गेले आणि आमच्यात कुणी "अरे, थांब" म्हणालं नाही.

काका गेल्यावर दुसरं टोक आलं. एक जण म्हणाला, वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागावरच्या इस्रायलच्या ताब्याबद्दल बोलणारा प्रत्येक जण ज्यूद्वेष्टाच. हेही मला पटत नाही. 2024 च्या जुलैत आंतरराष्ट्रीय न्यायालयानंच तो ताबा बेकायदा असल्याचं मत दिलं. तिथला पॅलेस्टिनी माणूस 1967 पासून लष्करी अमलाखाली आहे. सैन्यानं पकडलं तर खटला लष्करी कोर्टात, आणि शेजारच्या टेकडीवरच्या इस्रायली वसाहतीतल्या माणसाला मात्र इस्रायलचा मुलकी कायदा. यावर बोललंच पाहिजे. पण हे एका सरकारचं आणि सैन्याचं करणं आहे, अलिबागच्या काकांचं नाही. तसंच 7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं घरात शिरून माणसं मारली, त्याचा जाब गाझातल्या लेकरांना विचारता येत नाही.

आणि आमची तुलना? बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून चाललेल्या सीमालढ्यातल्या घरातला मी आहे, 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत लहानपणापासून चालतोय. आमचं दुखणं खरं आहे. पण आम्ही मत देतो, आमची माणसं निवडून येतात, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. हे त्या पोराला त्याचा अपमान न करता कसं सांगू?

जाणकारांनी सांगावं. कट्ट्यावर हा विषय बंद करा असं काही जण म्हणतात. मला ते नको आहे, पण मग बोलण्याची मर्यादा कुठे आखायची? बेने इस्रायलींबद्दल आणि या संघर्षाबद्दल पोरांना वाचायला देण्याजोगं मराठीत काय आहे?

शनिवार सोडून एखाद्या संध्याकाळी छत्री घेऊन काकांकडे जाईन म्हणतोय. पोरगा परवा हळूच म्हणाला, "मीपण येऊ काय?" त्याला न्यावं का, की आधी मी एकट्यानं जाऊन माफी मागावी?