नाशिकमध्ये ऐकू कमी येणाऱ्यांचं संमेलन: हॉलची तयारी कशी करावी?

गोदाकाठ विचारतात:
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कर्णबधिर सप्ताहात, गंगापूर रोडला दिवसभराचं संमेलन घ्यायचं आहे. साधारण १२० जण येतील. निम्मे कानाला मशीन लावणारे ज्येष्ठ, तीसेक सांकेतिक भाषा वापरणारे, बाकी घरची मंडळी. मंगल कार्यालय मिळतंय, पण खाली गुळगुळीत फरशी आणि वर पत्रा. साउंडवाला म्हणतो चार स्पीकर जास्त लावू, शेवटपर्यंत ऐकू जाईल. एक दुभाषी ठरवलाय. एवढ्यात भागेल का?

श्रवणतंत्र:
नाही भागणार. स्पीकर वाढवले तर उलट बिघडेल. मशीनवाल्यांना आवाज पोचतो, शब्द कळत नाहीत. फरशी-पत्र्यात एक अक्षर घुमून पुढच्या अक्षरावर चढतं आणि मशीन तो घुमाराही मोठा करून कानात सोडतं. त्यात पावसाची सर आली की संपलंच. शक्य असेल तर स्लॅबचा, कमी उंचीचा हॉल घ्या. खाली सतरंज्या, मागच्या भिंतीला जाड पडदे.

खरा उपाय म्हणजे इंडक्शन लूप. बसायच्या जागेभोवती तांब्याची वायर फिरवायची, मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (आवाज वेगळा बाहेर देणाऱ्या जादा सॉकेटमधून) माईकचा आवाज लूपच्या अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा. मशीन 'टी'वर (लूपचा सिग्नल पकडणाऱ्या कॉइलच्या सेटिंगवर) टाकलं की माईकचा आवाज थेट मशीनमध्ये येतो, घुमारा वगळून. त्यामुळे जे माईकमध्ये बोललं गेलं नाही, ते लूपमध्ये नाहीच. प्रेक्षकांतून प्रश्न आला तर फिरता माईक पोचेपर्यंत थांबायचं, नाहीतर सूत्रसंचालकाने प्रश्न पुन्हा माईकवर सांगायचा.

आणखी एक. बऱ्याच मशीनमध्ये 'टी'ची कॉइल असते, पण ती चालू करून दिलेली नसते. नावनोंदणीच्या वेळीच कळवा, म्हणजे लोक पंधरा दिवस आधी ऑडिओलॉजिस्टकडून प्रोग्रॅम करून घेतील. कानाच्या आत बसणाऱ्या छोट्या मशीनमध्ये बहुधा कॉइल नसते. त्यांच्यासाठी हेडफोनवाले लूप रिसीव्हर भाड्याने बघा.

गोदाकाठ:
साउंडवाल्याचा नेहमीचा अ‍ॅम्प्लिफायर लूपला चालेल का? आणि वायर पूर्ण हॉलला फिरवायची?

श्रवणतंत्र:
चालणार नाही. तो ४ किंवा ८ ओहमच्या स्पीकरसाठी असतो. ६ बाय ८ मीटरचा लूप म्हणजे २८ मीटर वायर. दीड चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध अर्ध्या ओहमहूनही कमी भरतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडेल. शिवाय 'स', 'श', 'च' यांची धार जाईल. लूपसाठी करंट कायम ठेवणारा खास अ‍ॅम्प्लिफायरच लागतो.

पूर्ण हॉलला नको. मशीनवाल्या ६० जणांच्या खुर्च्या एकत्र ठेवा आणि तेवढ्याभोवतीच वायर फिरवा. स्लॅबमधल्या सळया सिग्नल खातात, आणि लूप रुंद केला की मधोमध तो आणखी मंदावतो. अगदी वायरीच्या वर खुर्ची नको, तिथे आवाज क्षीण होतो. अर्धा-पाऊण मीटर आत घ्या. माईकच्या केबल लूपच्या वायरीला समांतर टाकू नका, शिट्टी वाजेल.

आदल्या दिवशी सगळे दिवे, पंखे, जनरेटर चालू करून, मशीन 'टी'वर ठेवून जागेवरून फिरा. घूं असा आवाज आला तर तो ५० हर्ट्झचा विजेचा आवाज. डिमर (दिवे मंद करणारं बटण) किंवा हॉलच्या वायरिंगमधला न्यूट्रल-अर्थिंगचा घोळ असतो. डिमर बंद करा, नाहीतर खुर्च्या सरकवा.

हातांची भाषा:
दुभाषी दोन हवेत, दर १५-२० मिनिटांनी आलटून पालटून. हात थकण्याआधी मेंदू थकतो, आणि मग वाक्यं गळायला लागतात. वक्त्यांची नावं, भाषणाचे मुद्दे आठवडाभर आधी द्या. दुभाष्याच्या मागे खिडकी नको, अंगावर त्वचेच्या रंगाहून वेगळे, एकरंगी कपडे हवेत. प्रोजेक्टरसाठी दिवे मालवले तरी दुभाष्यावरचा दिवा चालूच. हे हमखास विसरलं जातं. कर्णबधिर व्यक्ती प्रश्न विचारणार असेल तर तिला मंचावर बोलवा, मागच्या रांगेतले हात कुणालाच दिसत नाहीत.

आणि ज्येष्ठ मंडळींना सांकेतिक भाषा येत नाही. त्यांच्यासाठी पडद्यावर मराठी मजकूर हवाच. मिक्सरमधून थेट आवाज घेऊन लाईव्ह ट्रान्सक्राइब (बोलणं लगेच अक्षरांत दाखवणारं अ‍ॅप) चालतं, पण आडनावं आणि गावांची नावं चुकतात. शेजारी एक वेगवान मराठी टायपिस्ट बसवा. नेट हॉलच्या वायफायवर नको, वेगळं हॉटस्पॉट. मजकूर पडद्याच्या वरच्या भागात, खालच्या ओळी पुढच्यांच्या डोक्याआड जातात.

चष्मेवाली:
नावनोंदणीच्या अर्जात अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऐकू कमी येणं म्हणजे दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबलची तूट. ५० डेसिबलवाल्याला कार्ड नसतं, पण सभेत त्याचेही हाल होतात. 'तुम्हाला काय लागेल: लूप, मजकूर की दुभाषी?' एवढंच विचारा. टेबलावर १०, ३१२, १३ आणि ६७५ नंबरचे मशीनचे सेल ठेवा, म्हणजे पिवळं, तपकिरी, केशरी, निळं स्टिकर. स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं हवा लागू द्यायची आणि मग मशीनमध्ये घालायचा.