प्लाझ्मातली ट्रायग्लिसराइड मास स्पेकवर सातपट कमी का दिसतायत?

लिपिड_शिकतेय
नमस्कार, तीन आठवडे याच्यातच अडकलेय म्हणून विचारते. माणसांच्या प्लाझ्माची ६० सॅम्पल आहेत, सगळी उपाशीपोटी घेतलेली. फोल्च पद्धतीने म्हणजे क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल २:१ वापरून लिपिड काढले, नायट्रोजनखाली सुकवले, परत विरघळवले आणि रिव्हर्स फेज कॉलमवरून (यात तेलकट रेणू उशिरा उतरतात) एलसी-एमएसला, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या मशीनला टाकले. काढायच्या आधी ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) एक पीसी, म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन घातलंय, सगळं गणित त्या एकाच स्टँडर्डवरून केलंय. आता एका माणसाचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट १३० एमजी पर डीएल सांगतो, म्हणजे साधारण १.५ मिलिमोल प्रति लिटर, आणि माझ्या सगळ्या टीजींची (ट्रायग्लिसराइडची) बेरीज येते ०.२! बाकीच्यांचंही तसंच. पीसी मात्र छान येतायत, दोनदा काढले तरी तेच आकडे. आणखी एक, निगेटिव्ह मोडला (निगेटिव्ह आयन मोजताना) पामिटिक आम्ल ब्लँकमध्येही (प्लाझ्मा न घालता केलेल्या नमुन्यात) जवळपास सॅम्पलइतकंच दिसतंय. सगळी ६० परत करावी लागणार का?

आयनवाला
पीसीवरून टीजी मोजलंत तिथेच पहिली गडबड आहे. पीसीच्या कोलीनवर पॉझिटिव्ह चार्ज कायमचाच असतो, टीजीवर काहीच नसतो, ते बिचारं मोबाइल फेजमधल्या (कॉलममधून वाहणाऱ्या सॉल्व्हंटमधल्या) अमोनियमला धरून आयन होतं. त्यात रिव्हर्स फेजवर पीसी मध्येच उतरतं आणि टीजी अगदी शेवटी, भरपूर आयसोप्रोपॅनॉल चालू असताना, म्हणजे दोघांना आयन बनतात त्या सोर्समध्ये मिळणारी परिस्थितीच वेगळी. सारख्या मोलच्या पीकचा एरिया सारखा येईल ही अपेक्षाच धरू नका. प्रत्येक क्लासला स्वतःचं स्टँडर्ड पाहिजे, निदान टीजी, कोलेस्टेरिल एस्टर, सेरामाइड, स्फिंगोमायलिन, पीई (फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन) आणि लायसो पीसी (एकच साखळी उरलेलं पीसी). टीजीमध्ये तर साखळीची लांबी आणि डबल बाँड बदलले की रिस्पॉन्स बदलतो, म्हणून जमलं तर दोन-तीन घ्या.

काचेची_नळी
वरचं सगळं बरोबर आहे, पण मला आधी एक सांगा, सुकवल्यावर परत कशात विरघळवलंत?

लिपिड_शिकतेय
मेथॅनॉलमध्ये. कॉलमला त्रास नको म्हणून.

काचेची_नळी
मग तुमची टीजी ट्यूबमध्येच राहिलीत. टीजी मेथॅनॉलमध्ये नीट विरघळत नाहीत, काचेला पातळ थर धरून बसतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. कोलेस्टेरिल एस्टरचंही तेच होतं, त्यांचेही आकडे बघा, पडलेले असणार. पीसी मेथॅनॉलमध्ये आरामात जातं म्हणून तुमचं स्टँडर्ड पूर्ण वर आलं आणि सगळं ठीक आहे असं वाटलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण स्टँडर्ड आपण घालतो कशाला, तर वाटेत जे काही सांडेल, चिकटेल, हरवेल ते त्याच्यावरून कळावं म्हणून. ज्याला मोजायचंय त्याच्यासारखंच ते वागलं पाहिजे, नाहीतर त्याच्या भरवशावर केलेली दुरुस्ती पोकळच. आयसोप्रोपॅनॉल वापरा, नाहीतर ब्युटॅनॉल-मेथॅनॉल १:१. सुकवलेल्या ट्यूब जपून ठेवल्या असतील तर एक ट्यूब आयसोप्रोपॅनॉलने धुवून ते इंजेक्ट करा, अर्ध्या तासात कळेल.

रात्रपाळी
पामिटिक आम्लाबद्दल लिहितो. त्याचं एम बाय झेड (वस्तुमान भागिले चार्ज) २५५.२३ आणि स्टिअरिकचं २८३.२६ ही दोन जवळजवळ सगळीकडच्या ब्लँकमध्ये असतात, सॉल्व्हंट, पिपेटच्या टिप, प्लॅस्टिकच्या ट्यूब, सगळ्यांतून येतात. क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकमध्ये ठेवलं असेल तर विचारूच नका. काचेची भांडी आणि टेफ्लॉनची झाकणं घ्या आणि ब्लँक सॅम्पलसारखाच पहिल्यापासून शेवटपर्यंत काढलेला हवा, नुसतं सॉल्व्हंट टोचून भागत नाही. तरी ब्लँकमध्ये सॅम्पलइतकंच येत असेल तर ते फॅटी आम्ल रिपोर्टमधून वगळा, वजाबाकी करून आकडा वाचवायला जाऊ नका.

लिपिड_शिकतेय
ट्यूब होत्या! तीन ट्यूब धुतल्या, टीजीचे पीक आधीच्या रनपेक्षा मोठे आले, कोलेस्टेरिल एस्टरचेही. मनापासून आभार. आता प्रत्येक सॅम्पलचा एक न उघडलेला भाग उणे ८० ला आहे, त्यातूनच परत काढते, क्लासवार स्टँडर्ड मागवतेय. पण या वेळी आकडे बरोबर आलेत हे ओळखू कसं?

आयनवाला
टीजींची बेरीज पॅथॉलॉजीच्या आकड्याशी लावून बघा, ही सवय तुम्हाला आहेच, तिच्यामुळेच तर हे सापडलं. फक्त ती टेस्ट एन्झाइमने टीजी तोडून ग्लिसेरॉल मोजते आणि बऱ्याच किटमध्ये रक्तातलं मोकळं ग्लिसेरॉलही धरलं जातं, त्यामुळे तुमचा आकडा थोडा खाली राहिला तर घाबरू नका. शिवाय अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकांच्या संस्थेचा एसआरएम १९५० हा संदर्भ प्लाझ्मा मिळतो, त्याच्यावर ३१ लॅबनी मोजून ३३९ लिपिडचे एकमताचे आकडे २०१७ मध्ये छापलेत. तो तुमच्या सॅम्पलसोबतच काढा.

काचेची_नळी
आणि तो उणे ८० चा भाग एकदाच वितळवा, बर्फावर. सगळ्या सॅम्पलचा थोडा थोडा घेऊन एक पूल करा, दर आठ-दहा इंजेक्शननंतर तो टोचा, आणि रुग्ण आधी-निरोगी नंतर असा क्रम लावू नका, सरमिसळ करा.