विषय: डॉग्जना २०२६ चा फ्लॅग झेपेल का?

टार्नीटहून

नमस्कार मंडळी,

मेंबरशिप नूतनीकरणाचे मेल यायला लागलेत, तेव्हा दरवर्षीचा वाद यंदा लवकर काढतो. माझं मत: वेस्टर्न बुलडॉग्ज (आपले डॉग्ज, मेलबर्नचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल ऊर्फ फूटीचा क्लब) २०२६ ची प्रीमियरशिप, म्हणजे फ्लॅग, जिंकू शकतात. २०२५ ला नववे आले म्हणून मान खाली घालायचं कारण नाही. १४ विजय, ९ पराभव, पर्सेंटेज १३० च्या वर. एवढं पर्सेंटेज असलेला संघ सहसा पहिल्या चारांत दिसतो.

फॉरवर्ड लाइन बघा. सॅम डार्सी २०८ सेंमी, वय अवघं २२, जोडीला नॉटन. दोन असे उंच फॉरवर्ड असले की समोरच्यांचा सगळ्यात चांगला डिफेंडर एकालाच धरू शकतो, दुसरा मोकळा. मधल्या फळीत बॉन्टेम्पेली, एड रिचर्ड्स, लिबरेटोर. २०२५ मध्ये पोटरीमुळे बॉन्ट पहिल्या काही फेऱ्या नव्हता आणि गुडघ्यामुळे डार्सी काही आठवडे बाहेर बसला. दोघं वर्षभर उभे राहिले तर दोन विजय वाढायला हरकत नाही. दोनच कमी पडले होते: कॉलिंगवूड चौथे आले ते १६ विजयांवर, जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) आणि फ्रीमँटलही १६ वरच. गुण सारखे झाले की पर्सेंटेज बघतात, आणि तिथे आपण तिघांच्या पुढे होतो.

शिवाय २०१६ आहेच. सातव्या नंबरावरून जिंकलो होतो.


ग्लेन वेव्हर्लीहून

ते पर्सेंटेज चुलीत घाला. तळाच्या संघांना धू धू धुऊन फुगवलेला आकडा आहे तो. पहिल्या आठांतल्या संघांपुढे तुमचे बहुतेक सामने गेले. शेवटच्या फेरीत मार्व्हल स्टेडियमवर, स्वतःच्या घरी, फक्त फ्रीमँटलला हरवायचं होतं, तेही जमलं नाही. आमचे हॉक्स (हॉथॉर्न) १५ विजयांवर आठवे आले आणि फायनल्स, म्हणजे शेवटचे बाद सामने, खेळले. फ्लॅगच्या गप्पा नंतर करा, आधी पात्र व्हा.


ट्रुगनिनाहून

काका, दादा, भांडण चालू द्या, पण मी यंदाच फूटी बघायला लागलोय. पर्सेंटेज म्हणजे क्रिकेटच्या नेट रनरेटसारखंच का? आणि नववा संघ यंदा बाहेर राहणार नाही असं ऐकलं, ते काय आहे?


पॉइंट कुकहून

नेट रनरेटमध्ये वजाबाकी असते, इथे भागाकार. गोलचे ६, बिहाइंडचा (बाजूच्या खांबांतून गेलेल्या बॉलचा) १. वर्षभरात आपण केलेले सगळे गुण भागिले खाल्लेले सगळे गुण, गुणिले १००. समजा २३ सामन्यांत २३०० केले आणि १८४० खाल्ले, तर १२५. हे १३० वर न्यायचं तर ९२ गुण जास्त करावे लागतात, किंवा फक्त ७१ कमी खावे लागतात. म्हणजे चांगला डिफेन्स पर्सेंटेजला जास्त लवकर वर नेतो. विजयाचे ४, बरोबरीचे २, पर्सेंटेज त्यानंतर. ५६ गुणांचा संघ ६० वाल्याच्या पुढे जात नाही, मग पर्सेंटेज २०० का असेना.

आता खरा मुद्दा. दादा, २०१६ चा दाखला २०२६ ला लागू पडत नाही. त्या वर्षी आपण चार सामने जिंकलो: पर्थला वेस्ट कोस्टला ४७ गुणांनी, एमसीजीवर हॉथॉर्नला २३ नी (ग्लेन वेव्हर्लीकरांनी नोंद घ्यावी), सिडनीत जीडब्ल्यूएसला ६ नी आणि ग्रँड फायनलला सिडनी स्वान्सना २२ नी, ८९-६७. पण त्याच वर्षी पहिल्यांदा शेवटची फेरी आणि फायनल्स यांच्यात एक मोकळा आठवडा आला. त्या आठवड्यामुळे मॅक्री आणि लिबरेटोर दुखापतीतून परतले आणि पर्थला खेळले. तो आठवडा नसता तर निम्मी मधली फळी बसलेली असती.

२०२६ पासून नेमक्या त्याच आठवड्यात वाइल्डकार्ड सामने आहेत: सातवा विरुद्ध दहावा, आठवा विरुद्ध नववा, वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी. हरला तो बाहेर, जिंकला तो एलिमिनेशन फायनलला, म्हणजे पुढच्या बाद सामन्याला. पहिले सहा मात्र आरामात. म्हणजे सातव्याला आता सलग पाच आठवड्यांत पाच विजय हवेत, आणि एलिमिनेशनला समोरचा संघ ताजातवाना. फूटीत सहा-सात दिवसांत शरीर पूर्ण भरून येत नाही. हॅमस्ट्रिंगला तर साधारण तीन आठवडे लागतात. नववा संघ आत आला हे खरं, पण फ्लॅगच्या दृष्टीनं ही लॉटरीच.

२००० पासूनचे २६ फ्लॅग बघा. २४ पहिल्या चारांतल्या संघांनी नेले. अपवाद दोनच: आपण आणि २०२४ ला पाचव्या नंबरावरून आलेले ब्रिस्बेन. दोघांनाही तो मोकळा आठवडा मिळाला होता. पहिल्या चाराची खरी किंमत म्हणजे दुसरी संधी. २०२५ ला ब्रिस्बेन तिसरे होते, पहिल्याच आठवड्यात जिलाँगकडून हरले, तरी जिवंत राहिले आणि फायनलला त्याच जिलाँगला ४७ गुणांनी लोळवलं. पाचवे असते तर पहिल्याच आठवड्यात गाशा गुंडाळावा लागला असता.

तेव्हा प्रश्न डॉग्ज जिंकू शकतात का हा नाही, १६-१७ विजय जमतील का हा आहे. तिथे माझं मन साशंक आहे आणि कारण मागच्या फळीत आहे, पुढच्या नाही. हाफ-बॅक (मागच्या फळीतला) बेली डेल धावत वर येतो तेव्हा हल्ला देखणा होतो, पण मधे बॉल गमावला की मागे रान मोकळं. उंच डिफेंडर मोजकेच: रोरी लॉब, जो मुळात फॉरवर्ड, आणि जेम्स ओडॉनेल. (हा सायमन ओडॉनेलचा मुलगा. होय, १९८७ च्या वर्ल्ड कप जिंकलेल्या ऑस्ट्रेलियन संघातला.) तळाचे संघ त्या मोकळ्या जागेचा फायदा उठवू शकत नाहीत, वरचे उठवतात. काकांचा आक्षेप कडू असला तरी खरा आहे.

२०२१ च्या फायनलचं तेच झालं. पर्थला तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपण ५९-४० नी पुढे होतो. तिथून मेलबर्न संघानं १०० केले आणि आपण ७. शेवट १४०-६६. गोल झाला की बॉल पुन्हा मध्यावर येतो, आणि २०१९ पासून ६-६-६ चा नियम आहे: सहा पुढे, सहा मधे, सहा मागे. त्यामुळे जादा माणूस आधीच मागे नेऊन ठेवता येत नाही. मध्यावरचा बॉल सलग दोन-तीनदा त्यांना गेला की पाच मिनिटांत सामना हातातून जातो.


टार्नीटहून

ताई, वाइल्डकार्डचं गणित मान्य. सातव्या नंबराचं स्वप्न सोडलं, लक्ष्य पहिले चार.

पण ६-६-६ ला उपाय आहे. बंधन बॉल खेळात येईपर्यंतच असतं. मधल्या सहांतले चार चौकोनात, दोन विंगवर. बॉल वर गेला की दोन्ही विंगवाल्यांनी आपल्या डिफेन्सच्या बाजूला तिरकं धावायचं, गोल खाल्ल्यावर तर नक्कीच. बॉल मिळाला नाही तरी पहिली लांब किक तिथे अडते. दुसरं, रकने (वर फेकलेल्या बॉलसाठी उडी मारणाऱ्या उंच खेळाडूनं) बॉल पुढे न मारता बाउंड्रीच्या बाजूला टॅप करायचा. क्लिअरन्स (गर्दीतून बाहेर काढलेले बॉल) कमी मिळतील, पण बॉल गर्दीत अडकेल, पंच पुन्हा वर फेकेल, तेवढ्यात मागची फळी जागेवर येईल. यात चूक एकाच ठिकाणी होते: एक विंगवाला मागे आणि दुसरा मोहाला बळी पडून पुढे. मग समोरचे त्याच मोकळ्या विंगवरून जातात.

डेलला थांबवू नये. त्याच्यामागे जागा कोण भरणार हे ठरलेलं असावं, एवढंच.


ग्लेन वेव्हर्लीहून

आता कसं बोललात! पण आणखी एक खुट्टी मारतो. तुमचे घरचे सामने मार्व्हलवर आणि एखाद-दोन बॅलारॅट शहरात. मार्व्हलला छप्पर, वारा नाही, मैदान एमसीजीपेक्षा अरुंद. फायनल एमसीजीवर. तिथे तुमच्या त्या दोन विंगवाल्यांना तिरकं धावायला अंतर जास्त. सवय कुठून आणणार? आणि ॲडलेड, ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट तुमच्या वर राहिले तर सप्टेंबरमध्ये विमानाची तिकिटं काढायची तयारी ठेवा.


पॉइंट कुकहून

काका, २०१६ ला त्याच मार्व्हलवरच्या संघानं पर्थ आणि सिडनीला जाऊन जिंकलं, तेव्हा तिकिटांची भीती घालू नका. एमसीजीचा मुद्दा मात्र घेते. म्हणूनच वेळापत्रकात एमसीजीवरचे सामने वेगळे मोजा: तिथे जास्त गुण खाल्ले तर टार्नीटच्या दादांचा उपाय कागदावरच राहिला असं समजा.

मंडळाच्या कार्यकारिणीसाठी: २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ ला, शुक्रवारी. हॉल शनिवारी मिळतो म्हणून विसर्जनाची मिरवणूक २६ ला ढकलू नका, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे ग्रँड फायनल. पार्किंग मिळणार नाही आणि ढोलपथकातले निम्मे येणार नाहीत. रविवार २७ चं बुकिंग आत्ताच करा.


ग्लेन वेव्हर्लीहून

रविवारला अनुमोदन. झांजा तपकिरी-सोनेरी फितीत, म्हणजे हॉक्सच्या रंगांत, बांधून आणतो.