प्रति: स्किमर दुप्पट क्षमतेचा घ्यावा का?

स्किमर म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीतली घाण फेसावर चढवून वरच्या कपात काढणारं यंत्र. तो "टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, मग बघायला नको" हा इथला सल्ला अर्धाच पटला. मासे मोजकेच असतील तर मोठ्या स्किमरच्या गळ्यात फेस चढतच नाही, कप कोरडा राहतो. खरी कटकट सम्पमधल्या (स्किमर बसवतात त्या टाकीखालच्या जोडटाकीतल्या) पाण्याच्या पातळीची, तिच्याबद्दल कुणी बोललंच नाही. बाष्पीभवनाने पाणी उतरलं की फेस बसतो, भर घातली की कप पाणचट होऊन वाहतो. स्किमरच्या कप्प्याला आडभिंत घाला, म्हणजे तिथली पातळी हलणार नाही. बऱ्याच मॉडेलना १५ ते २० सेंटिमीटर खोल पाणी लागतं, नेमका आकडा माहितीपत्रकात असतो.

बुडबुडे मोठे झाले, घरघर वाढली, की हवेच्या नळीत मीठ धरलंय समजा. चालू पंपालाच नळीतून थोडं कोमट आरओ पाणी ओढू द्या. तीन-चार महिन्यांनी पंप सुटा करून निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी अशा मिश्रणात तासभर ठेवा. इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या पात्याचा) सिरॅमिक दांडा मात्र जपून, पटकन मोडतो. सुटा इम्पेलर मिळतो ना, हे खरेदीआधीच विचारा.