दोन जर्मनी: फरक वसुलीने पडला की व्यवस्थेने?

हिशेबनीस

शेजारच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं, "अमेरिकेने डॉलर ओतले म्हणून पश्चिम जर्मनी उभी राहिली, रशियाने धुऊन नेलं म्हणून पूर्व जर्मनी बसली." यातला उत्तरार्ध बराचसा खरा आहे. पूर्वार्ध हिशेबात बसत नाही, म्हणून वेगळा धागा.

आधी डॉलर. १९४८ ते १९५२ या काळात मार्शल योजनेतून, म्हणजे युरोप उभा करायच्या अमेरिकी मदतीतून, साधारण १३ अब्ज डॉलर वाटले गेले. ब्रिटनला ३ अब्जांहून जास्त, फ्रान्सला अडीच अब्जांच्या पुढे, पश्चिम जर्मनीला जेमतेम १.४ अब्ज. नुसत्या डॉलरने देश उभे राहत असते तर पन्नासच्या दशकात ब्रिटन सगळ्यांच्या पुढे दिसला असता. शिवाय एवढी बॉम्बफेक होऊनही, दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा पश्चिमेकडच्या कारखान्यांतली यंत्रसामग्री १९३६ पेक्षा जास्तच होती. घोडं अडलं होतं ते मोडलेल्या रेल्वेवर, कोळशावर आणि कुणी हातात घ्यायला तयार नसलेल्या राइशमार्क या जुन्या चलनावर.

आता पूर्व. याल्टाच्या बैठकीत रशियाने युद्धाची नुकसानभरपाई म्हणून १० अब्ज डॉलर मागितले होते. पॉट्सडॅमला (जुलै-ऑगस्ट १९४५) ठरलं की अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी जर्मनीचे जे चार विभाग ताब्यात घेतले होते, त्यांतल्या आपापल्या विभागातून ज्याने त्याने ती भरपाई वसूल करावी. वर पश्चिमेकडच्या बिनगरजेच्या यंत्रसामग्रीपैकी १५ टक्के रशियाला धान्य-कोळशाच्या बदल्यात आणि १० टक्के फुकट मिळायची होती. मे १९४६ मध्ये अमेरिकी विभागातले जनरल क्ले यांनी ती पाठवणी थांबवली. म्हणजे सबंध जर्मनीच्या नावावरचं रशियाचं देणं व्यवहारात एका लहान विभागाच्या गळ्यात पडलं.

वसुलीच्या तीन तऱ्हा होत्या. पहिली, कारखाना सुटा करून नेणं. हे घाईत चालायचं. यंत्र एका गाडीने, त्याचे सुटे भाग दुसऱ्या गाडीने, जोडणीचे नकाशे कुठेच नाहीत. जर्मन रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर, रशियन १५२४, त्यामुळे माल मध्येच उतरवून पुन्हा भरायचा. बराचसा साइडिंगला पडून गंजला. बहुतेक दुहेरी मार्गांवरचा दुसरा रूळही उखडून नेला, तेव्हा जे मागे उरलं त्याचीही वाहतूक मंदावली. दुसरी तऱ्हा जून १९४६ पासूनची: सुमारे २०० मोठे कारखाने जागेवरच ठेवून त्यांच्या सोव्हिएत भागीदारी कंपन्या केल्या. लॉयना, बूना ही रसायनांची धेंडं त्यातच. कामगार जर्मन, कोळसा जर्मन, माल रशियाचा. तिसरी, उरलेल्या कारखान्यांच्या चालू उत्पादनातून हिस्सा.

माझं मत असं की पहिल्या तऱ्हेचा बोभाटा जास्त झाला, पण घात केला दुसरीने आणि तिसरीने. यंत्र एकदाच जातं. चालू माल दरवर्षी जातो, त्याची किंमत स्वतःच्याच सरकारी तिजोरीतून निघते, आणि ज्या नफ्यातून नवं यंत्र यायचं तो नफाच उरत नाही.

उलटतपासणी

साफ असहमत. वसुली झाली हे मान्यच, पण फरक पडला व्यवस्थेने, आणि त्याची तारीखसुद्धा सांगता येते: २० जून १९४८, रविवार.

त्या दिवशी पश्चिमेच्या तिन्ही विभागांत डोईला ४० नवे मार्क मिळाले, पुढे आणखी २०. पगार, पेन्शन, भाडं एकास एक. बँकेतल्या ठेवींची मात्र कत्तल झाली, शेवटी १०० जुन्या मार्कांचे साडेसहा नवे हाती आले. नोटा अमेरिकेत छापून खोक्यांतून गुपचूप ब्रेमरहाफेन बंदरात उतरवल्या होत्या. त्याच सुमारास पश्चिमेचा आर्थिक कारभार बघणाऱ्या एरहार्ड यांनी बहुतेक वस्तूंवरचं भावनियंत्रण उठवलं. आदल्या दिवशी रिकामी असलेली दुकानं सोमवारी भरलेली दिसली. माल होताच, दडवलेला होता. पुढच्या सहा महिन्यांत औद्योगिक उत्पादन सुमारे दीडपट झालं, आणि तेव्हा मार्शलचा माल जेमतेम यायला लागला होता. इथे हिशेबनीस आणि मी एकाच बाजूला आहोत.

न्याय वगैरे काही झाला नाही, हेही सांगतो. बचत करणारा मेला, घर-कारखाना-शेअरवाला तरला. भाव चढले, १२ नोव्हेंबरला सार्वत्रिक संप झाला. संपत्तीवरचा भार वाटून घेण्याचा कायदा यायला १९५२ उजाडलं: नाणेबदलाच्या वेळच्या मालमत्तेच्या निम्मी रक्कम, ३० वर्षांत फेडायची.

पूर्वेने तीन दिवसांनी काय केलं? छापलेल्या नोटा तयार नव्हत्या, म्हणून जुन्या नोटांवर कुपनं चिकटवली. लोक त्यांना वॉलपेपर मार्क म्हणत. डोईला ७० मार्क एकास एक, म्हणजे पश्चिमेपेक्षा दिलदार! पण रेशन आणि ठरवून दिलेले भाव जागच्या जागी. पैसा बदलला, पैशाला काम मिळालं नाही.

आणि १ जानेवारी १९५४ पासून वसुली बंद झाली, उरलेल्या ३३ सोव्हिएत भागीदारी कंपन्याही परत दिल्या. पुढची ३५ वर्षं कोण नेत होतं?

खडीफोड

दोघंही पश्चिमेला फार स्वच्छ रंगवताय. चारही विजेत्यांच्या मार्च १९४६ च्या योजनेत जर्मनीचं पोलाद वर्षाला ५८ लाख टनांवर बांधून टाकलं होतं. सगळ्या उद्योगाची पातळी १९३८ च्या साधारण निम्म्यावर. म्हणजे पहिली दोन वर्षं पश्चिमेचाही बेत जर्मनीला खुरटं ठेवण्याचाच होता. १९४९ पर्यंत पश्चिमेची मर्यादा १११ लाख टनांवर गेली, कोरियाचं युद्ध पेटलं तेव्हा ती कुणाला आठवेना. फ्रेंचांनी काळ्या अरण्यातली झाडं तोडून नेली, जर्मनीचा सारलँड प्रांत १९५७ पर्यंत वेगळा ठेवला.

पूर्वेकडच्या येना शहराचं उदाहरण घ्या. शहर आधी अमेरिकनांच्या हाती होतं. १ जुलै १९४५ ला रशियनांना द्यायचं ठरल्यावर जाता जाता त्यांनी झाइस या भिंगांच्या कंपनीचे ८४ तज्ज्ञ गाड्यांत घालून पश्चिमेकडे हायडनहाइमला नेले. तिथून ओबरकोखेनची झाइस उभी राहिली. रशियनांनी २२ ऑक्टोबर १९४६ च्या पहाटे आपल्या सबंध विभागातून दोन हजारांवर तज्ज्ञ उचलले, मग येनाचा कारखाना सुटा केला. झाइसच्या काँटॅक्स कॅमेऱ्याची जुळणी येनातच पुन्हा बसवून घेतली आणि ती कीव्हला हलवली. पुढे कितीतरी वर्षं विकला गेलेला 'कीव्ह' कॅमेरा तो हाच. दोघांनी नेलं. एकाने माणसं आपल्या बाजूच्या जर्मनीत ठेवली, दुसऱ्याने देशाबाहेर काढली, फरक एवढाच.

उत्तरवारा

हिशेबनीस, तुमच्या "चालू मालाची वसुली घातक" या सिद्धांताला फिनलंड आडवा येतो.

१९४४ च्या युद्धविरामात फिनलंडवर ३० कोटी डॉलर बसले, तेही १९३८ च्या भावाने, सगळे मालाच्या रूपात. मुदत सहा वर्षं, नंतर आठ केली. उशीर झाला तर महिन्याला ५ टक्के दंड. फिनलंडचा हातखंडा लाकूड आणि कागद, पण रशियाने दोन तृतीयांशाच्या आसपास माल मागितला तो यंत्रं, जहाजं, केबल असा. जो उद्योग देशात धड नव्हता त्याचीच वसुली! १९४८ मध्ये सूट मिळून आकडा २२.६५ कोटींवर आला आणि सप्टेंबर १९५२ मध्ये शेवटचा हप्ता गेला. मार्शलचा एक डॉलर घेतला नाही, मॉस्कोला राग नको म्हणून.

कारभार कसा चालला ते बघा. सरकारने एक आयोग नेमला, आयोग खाजगी कारखान्यांना ऑर्डर द्यायचा आणि रोख फिन्निश मार्का मोजायचा. तो पैसा करांतून आणि महागाईतून, म्हणजे सगळ्यांच्या खिशातून आला. पण कारखान्याला पैसे मिळाले, नकाशे त्याचेच राहिले, हात तयार झाले. १९५२ नंतर तीच जहाजं रशियाने विकत घेतली. तेव्हा चालू मालाची वसुली झाली म्हणून देश बुडतोच असं नाही.

उलटतपासणी

आणि फिनलंडशेजारी हंगेरी ठेवा. आकडा तोच, ३० कोटी डॉलर (२० रशियाला, १० चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हियाला). फरक एवढा की हंगेरीत लाल सैन्य बसलेलं होतं आणि त्याचा खर्चही हंगेरीच्याच डोक्यावर. कारखान्यांना पैसे द्यायला सरकारने नोटा छापल्या. जुलै १९४६ मध्ये एकावर वीस शून्यं असलेली पेंग्यो या तिथल्या चलनाची नोट वापरात होती. १ ऑगस्टला फोरिंट हे नवं चलन आलं तेव्हा एका फोरिंटला चारावर २९ शून्यं एवढे पेंग्यो. पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळे कारखाने सरकारजमा. फिनलंडकडे स्वतःची संसद, न्यायालयं, खाजगी मालक शाबूत होते. पुन्हा व्यवस्थाच.

हिशेबनीस

उत्तरवारा यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्या बाजूनेच वाचता येतो: ऑर्डर कुणी द्यायची आणि पैसे कुणाच्या खात्यात जायचे हे फिनलंडमध्ये हेलसिंकी ठरवत होतं, लॉयनामध्ये सोव्हिएत संचालक.

"व्यवस्था" या शब्दावर सगळं ढकलणाऱ्यांसाठी ऑस्ट्रिया. तिथे दोन्ही महासत्ता एकाच देशात होत्या. पूर्व भागातले तीनशेच्या वर कारखाने आणि झिस्टर्सडॉर्फचं तेल रशियाकडे, तर मार्शलचे जवळजवळ १ अब्ज डॉलर सत्तर लाख लोकसंख्येच्या देशाला. डोईमागे हे जर्मनीच्या कितीतरी पट. १५ मे १९५५ च्या करारात रशियाने कारखाने सोडले, बदल्यात १५ कोटी डॉलरचा माल आणि दहा वर्षांत १ कोटी टन तेल घ्यायचं ठरलं. आता गंमत: ऑस्ट्रियाने १९४६-४७ मध्येच पोलाद, वीज, मोठ्या बँका सरकारी केल्या होत्या. लिंट्‌सचा सरकारी पोलाद कारखाना, मूळचा नाझी नेता गोरिंगच्या नावाचा, त्याने १९५२ मध्ये वितळलेल्या लोखंडात शुद्ध ऑक्सिजन सोडून पोलाद करण्याची पद्धत सुरू केली आणि सगळ्या जगाने ती उचलली. सरकारी मालकीने उद्योग मरतोच असं म्हणणाऱ्यांनी लिंट्‌सचं काय करायचं?

चौकस

मधेच विचारतो. मार्शलचे पैसे ही खैरात होती की कर्ज? आणि डॉलर जर्मन सरकारच्या हातात पडायचे का?

खडीफोड

हातात जवळजवळ नाहीच. समजा ब्रेमेनच्या गिरणीला अमेरिकन कापूस हवा आहे. अमेरिकेतल्या विक्रेत्याला वॉशिंग्टन डॉलरमध्ये पैसे देतं. गिरणी तेवढे मार्क जर्मन बँकेत भरते. ते मार्क वेगळ्या खात्यात साठतात, त्यातले ५ टक्के अमेरिकेच्या खर्चाला, बाकीचे अमेरिकी कचेरीची संमती घेऊन देशातच वापरायचे. ब्रिटनने त्यातून मुख्यतः जुनी देणी फेडली. जर्मनीने १९४८ च्या शेवटी फ्रँकफुर्टला पुनर्बांधणी बँक काढली आणि वीज, कोळसा, घरबांधणीला कर्जं दिली. कर्ज परत आलं की दुसऱ्याला. इतरांना बहुतेक मदत फुकट होती, जर्मनीकडून वसुलीचा हक्क मात्र राखला होता. फेब्रुवारी १९५३ च्या लंडन करारात युद्धोत्तर मदतीपैकी साधारण एक तृतीयांशच परत घ्यायची ठरली, युद्धापूर्वीची देणीही छाटली, आणि नुकसानभरपाईचे दावे अंतिम तहापर्यंत पुढे ढकलले. ग्रीस अजून त्या "पुढे"ची वाट बघतोय.

भूगोलही विसरू नका. दगडी कोळसा पश्चिमेकडच्या रूरमध्ये राहिला. पूर्वेकडे तपकिरी कोळसा, ज्याचा भट्टीत चालेल असा कोक करायलाच १९५२ उजाडलं. पत्रा तर मिळेनाच.

हिशेबनीस

उलटतपासणी यांचा प्रश्न राहिला, १९५४ नंतर कोण नेत होतं. विस्मुत. सॅक्सनीतल्या डोंगरांतली युरेनियमची कंपनी तेव्हाही परत दिली नाही, फक्त निम्मी भागीदारी दिली. १९९० पर्यंत तिथून सुमारे २ लाख ३१ हजार टन युरेनियम निघालं. सोव्हिएत वाटा सुटायला १९९१ उजाडलं, आणि खाणी बुजवण्याचं, पाणी शुद्ध करण्याचं बिल एकत्रित जर्मनीच्या करदात्यावर.

उलटतपासणी

विस्मुत मान्य. पत्राही मान्य. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीचं अंग पत्र्याऐवजी कापसाचा कचरा आणि राळ दाबून केलेलं, ते पत्र्याच्या तुटवड्यामुळेच, आणि त्यात पाश्चात्त्य निर्बंधांचाही हात होता. पण ती जिथे बनायची त्या त्स्विकाऊच्या अभियंत्यांनी साठच्या दशकात नव्या गाडीचे नमुने रस्त्यावर चालवून दाखवले होते. १९६८ मध्ये तो प्रकल्प बंद करायचा हुकूम निघाला आणि दोन-स्ट्रोकची जुनी गाडी आणखी दोन दशकं तशीच निघत राहिली. तो हुकूम पूर्व बर्लिनमधल्या पक्षाच्या कचेरीतून आला होता. वसुलीवाले तेव्हा कुठे होते?