बेबी पावडर आणि हेअरस्प्रे मारून फेल्ट हॅट जुनी दिसत नाही

सुईदोरा:
नाटक-शूटिंगसाठी नवी हॅट जुनी दिसावी म्हणून ‘अर्ध्या तासात जुनी हॅट’ ही कृती सगळीकडे फिरतेय. नवी फेल्ट हॅट (लोकर किंवा लव दाबून केलेल्या जाड कापडाची) चारदा जमिनीवर आपटा, बेबी पावडर भुरभुरा, हेअरस्प्रेने पक्की करा, झाली धुळकट हॅट. त्याखाली वाहवा वाचून राहवलं नाही, म्हणून हा धागा.

आपटल्याने धूळ लागते ती ब्रिमच्या, म्हणजे हॅटच्या भोवतालच्या पसरट झालरीच्या, कडेला. खरी धूळ वरून पडते आणि क्राउनच्या (डोक्यावरच्या उंच भागाच्या) खळग्यात, रिबनच्या वरच्या काठावर, ब्रिम जिथे वर वळते त्या पन्हळीत साचते. बेबी पावडर टाल्कची असेल तर त्याचे कण चपटे आणि चकचकीत, त्यामुळे दिव्याखाली ते निळसर पांढरे दिसतात. कॉर्नस्टार्चची असेल तर ओल लागताच गोळे होतात. त्यावर हेअरस्प्रे मारला की प्रत्येक थेंबाचा गोल डाग उठतो, मातीवर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसा. लव चिकटून तिच्या काड्या होतात आणि वर चकाकी येते. धुळीला चकाकी नसते!

त्याऐवजी हे करा: मुलतानी माती 3 भाग, पिवळी माती 1 भाग, अंबर (umber, गडद तपकिरी मातीचा रंग) अर्धा भाग, सगळं कोरडं आणि वस्त्रगाळ. काळ्या हॅटला अंबर मुलतानीच्या बरोबरीने घ्या, नाहीतर पीठ सांडल्यासारखं दिसतं. मऊ रुंद ब्रशने वरून झटकत टाका, दहा मिनिटं थांबा आणि कडक ब्रशने निम्म्याहून जास्त काढून टाका. उरते ती धूळ.

आता मुख्य गोष्ट. हॅट जिथे हाताळली जाते, म्हणजे क्राउनची पुढची चिमटी आणि ब्रिमचा पुढचा काठ, तिथे धूळ टिकत नाही. तिथे बोटांचा मळ बसतो, लव दबते, रंग गडद होतो. बोटावर जेमतेम पुसट व्हॅसलीन आणि अंबर घ्या आणि हॅट घालता-काढताना धरतो तशीच धरून चोळा. एकसारखी धूळ फासलेली हॅट माळ्यावरून काढल्यासारखी दिसते, कुणी रोज डोक्यावर घातल्यासारखी दिसत नाही.

विंगेतून:
कोरडी माती कॅमेऱ्यासमोर ठीक. रंगमंचावर पहिल्या प्रवेशात नटाने हॅट काढली की निम्मी माती काळ्या कोटाच्या खांद्यावर येते आणि प्रत्येक प्रयोगाआधी पुन्हा धूळ टाकत बसावं लागतं. कोण बसणार? अ‍ॅक्रिलिक रंग 1 भाग, पाणी 12 ते 15 भाग, फवारा हॅटपासून दोन फुटांवर आणि फक्त वरून. एक हात मारा, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. कायमचं काम होतं. दहाव्या रांगेतून व्हॅसलीनची चिमटी कुणालाही दिसत नाही.

सुईदोरा:
अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकचा पापुद्रा. तीन हात झाले की लव मरते आणि हॅट पुठ्ठ्यासारखी वाजते. भाड्याने आणलेली हॅट असेल तर परत कशी देणार? माती ब्रशने निघते.

विंगेतून:
तीन हात कोण सांगतंय? दोन सांगितले. आणि भाड्याच्या हॅटला व्हॅसलीन लावायला सांगणाऱ्यांनी परत देण्याबद्दल बोलू नये. तेलाचा डाग फेल्टमधून पूर्ण निघत नाही.

सुईदोरा:
व्हॅसलीनचा मुद्दा मान्य. भाड्याच्या हॅटला चिमटीवर नुसतं कोरडं अंबर घासायचं, हे मी वर लिहायला हवं होतं. अ‍ॅक्रिलिकबद्दल मत बदललेलं नाही.

रिबनवाली:
दोघेही रिबनबद्दल बोलत नाही आहात आणि नेमकं तिथेच सगळ्यांचं काम उघडं पडतं. धूळखाऊ हॅट आणि त्यावर करकरीत रिबन! उन्हाने क्राउन विटतो, रिबनखालचा पट्टा मूळ रंगाचा राहतो. म्हणून फवारा मारताना रिबन जागेवरच ठेवा, नंतर ती टाके उसवून काढा आणि अर्धा सेंटिमीटर खाली सरकवून लावा. वर गडद रेघ दिसते. घामाचा डाग आतून येतो, म्हणून रिबनच्या वर वेडावाकडा, कपाळाकडे सर्वांत उंच. पातळ अंबर लावून त्याची कड ओल्या स्पंजने सोडवा, सरळ रेघ ठेवू नका.

आणि विटवण्यासाठी घरचं क्लोरीनचं ब्लीच कुणी सुचवणार असेल तर आधीच सांगते: लोकर काय किंवा सशाची लव काय, दोन्ही प्रथिनं. ब्लीचमध्ये ती विरघळतात. आधी पिवळी, मग बुळबुळीत, मग भोक.

खरकागद:
या सगळ्याआधी पॉलिश पेपर हवा. काठाला आणि चिमटीला 220 नंबरचा, माथ्याला 400 नंबरचा, हलक्या हाताने. आणि वाफ. किटलीच्या तोंडापासून वीतभर लांब, 20 ते 30 सेकंद, मग हाताने ब्रिम मोडायची. आतली चामड्याची घामपट्टी बाहेर वळवून वाफेपासून दूर ठेवा, ओलं चामडं गरम झालं की आकसतं आणि हॅट डोक्यात जात नाही. नव्या हॅटवर एवढी मेहनत करण्यापेक्षा जुन्या बाजारातली खरी जुनी हॅट घ्या. निम्मं काम काळाने केलेलं असतं, तीच घासा.

रसायनी:
थांबा! खरी जुनी हॅट घासू नका. सशाच्या किंवा बीव्हर या पाण्याकाठच्या प्राण्याच्या लवेला फेल्ट होण्यासाठी पूर्वी मर्क्युरिक नायट्रेट हा पाऱ्याचा क्षार लावत. पारा त्या फेल्टमध्ये राहू शकतो. अमेरिकेतल्या डॅनबरी गावच्या हॅट कारखान्यांतले कामगार हातपाय थरथरण्याच्या रोगाने ग्रासले ते यामुळेच. अमेरिकेत 1941 च्या डिसेंबरपासून हा वापर बंद झाला. तुम्ही 220 ने घासून ती धूळ नाकात ओढायला सांगताय.

खरकागद:
एन-95 मास्क लावा, झालं. प्रत्येक धाग्यात कुणीतरी येऊन घाबरवतंच.

रसायनी:
झालं नाही. एन-95 कण अडवतो, पाऱ्याची वाफ अडवत नाही. आणि तुमची पुढची पायरी किटलीची आहे. उष्णतेने पारा जास्त सुटतो. घासणं आणि वाफ या दोन्ही गोष्टी तुम्ही एका दमात सांगितल्यात.

खरकागद:
लोकरीच्या हॅटला पारा लावतच नसत. लोकरीच्या तंतूला खवले असतात, ती नुसत्या गरम पाण्याने आणि चोळण्याने फेल्ट होते. सगळ्या जुन्या हॅट विषारी असं लिहिणं चूक आहे.

रसायनी:
लोकरीचं बरोबर आहे, मीही सशा-बीव्हरच लिहिलं. पण समोरची हॅट लोकरीची हे कशावरून?

खरकागद:
आतून एक तंतू काढून जाळा.

रसायनी:
लोकर आणि लव, दोन्ही जळाल्यावर केस जळाल्यासारखाच वास येतो, दोन्हींची राख चुरगळते. त्या चाचणीने फक्त पॉलिएस्टर कळतं, ते वितळून कडक मणी होतो. लोकरीचं फेल्ट जाड आणि खरबरीत, लवेचं पातळ आणि गुळगुळीत, हा फरक सरावलेल्या हाताला कळतो, तोही नेहमी नाही. आणि 1941 हे साल अमेरिकेचं. शिक्का नसलेली हॅट कुठे, कधी बनली ते कशावरून ठरवणार?

खरकागद:
बरं. बनावटीचं साल आणि जात माहीत नसेल तर जुनी हॅट घासू नका, वाफवू नका. पहिल्या प्रतिसादातला तेवढा भाग मागे. मात्र नव्या हॅटला पॉलिश पेपर लागतोच, त्यावर मी ठाम.

रिबनवाली:
पॉलिएस्टरचं नाव निघालंच आहे तर, स्वस्त पार्टी हॅट त्याचीच असते. तिला वाफेने आकार नीट धरत नाही, चहाचा रंग चढत नाही आणि पेपरने तिच्यावर गोळ्या उठतात. तिथे विंगेतून यांचं अ‍ॅक्रिलिकच चालतं.

विंगेतून:
कुणीतरी मानलं! धूळ पक्की करायला स्पिरिट फवारणाऱ्यांसाठीही एक: हॅट चपडा लाखेने कडक केलेली असेल तर स्पिरिट ती लाख विरघळवतं. ब्रिम एका बाजूने लोंबते, कधी पांढरा धुरकट डाग येतो. आधी घामपट्टीखाली, न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाकून बघा.

सुईदोरा:
रंगमंचासाठी पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकचा एक हात, तोही 1 ला 20, आणि वर खळग्यांत कोरडी माती. यापुढे मी जाणार नाही. कोटाच्या खांद्याचं म्हणाल तर माती टाकल्यावर हॅट उलटी धरून तळव्यावर पाच-सहा वेळा आपटा. जे सैल आहे ते तिथेच पडतं.

विंगेतून:
1 ला 20 फार पातळ, काळ्या हॅटवर दिसणारही नाही. आपटून घ्यायचं ठीक आहे.