विमानातील स्वतंत्र जीपीएस पडदा टिकावा की टॅबलेटने त्याची जागा घ्यावी?

धागाकर्ता, उजळाईवाडी

छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, ज्या कोल्हापुरात विमानतळ सुरू झाला, तिथल्या विमानप्रेमी मंडळींत सध्या एक मत वारंवार ऐकू येते. छोट्या विमानाच्या पॅनेलवरील, म्हणजे वैमानिकासमोरच्या उपकरणफळीवरील, जीपीएस पडद्यावर लाखो रुपये घालण्यापेक्षा वैमानिकाने मांडीवर टॅबलेट बांधावा, असे ते मत आहे. मला ते मान्य नाही.

नकाशे, हवामान आणि इंधनाचा हिशेब यांसाठी टॅबलेटला तोड नाही. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत आयपॅड वापरण्याची परवानगी मिळाली आणि कागदी नकाशे व पुस्तिकांनी भरलेल्या वैमानिकांच्या सुमारे सोळा किलोच्या बॅगा हळूहळू गेल्या, हे उत्तमच झाले. परंतु विमान कोठे आहे हे दाखवणे निराळे आणि दाखवलेल्या जागेवर विसंबू नये असा इशारा वेळेत देणे निराळे. पॅनेलवरील संचातला प्रमाणित रिसीव्हर (संकेत घेणारा भाग) किमान पाच उपग्रहांचे संकेत एकमेकांशी ताडून पाहतो आणि एखादा उपग्रह चुकीची माहिती देत असल्यास वैमानिकाला सावध करतो. टॅबलेट मात्र चुकलेल्या जागीही विमानाचे चिन्ह तितक्याच ठामपणे दाखवत राहतो. जुलैत ढग सह्याद्रीच्या माथ्यावर टेकलेले असताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

दुसरा मुद्दा 'गगन'चा, म्हणजे जीपीएसची अचूकता वाढवणाऱ्या भारतीय उपग्रह प्रणालीचा. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेल्या या प्रणालीच्या आधारे २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानातील किशनगड येथे उतरले. अशा अवतरणासाठी विमानात प्रमाणित रिसीव्हर बसवलेला असावाच लागतो, कारण धावपट्टीकडे नेणारा मार्गदर्शक काटा आणि ऑटोपायलट (विमान आपोआप चालवणारी यंत्रणा) यांना आज्ञा तोच देतो.

प्रतिसाद: एक अभियंता, शिवाजी उद्यमनगर

आपले तांत्रिक विवेचन योग्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. १९९८ साली आलेला गार्मिन कंपनीचा ४३० हा पॅनेलवरील जीपीएस संच आजही अनेक छोट्या विमानांत आहे. त्याचा पडदा तळहातापेक्षा लहान असून तो बिघडला की सुटे भाग मिळवताना मालकाच्या नाकी नऊ येतात. पॅनेलमध्ये नवा संच बसवायचा म्हणजे कापाकापी, वायरिंग, तपासणी आणि कागदपत्रे हे सगळे आले, आणि तोवर विमान जमिनीवरच राहते. टॅबलेट बिघडला तर दुसरा आणता येतो.

आमच्या उद्योगात मोजमाप करणारा भाग आणि मोजमाप दाखवणारा भाग वेगळे ठेवण्याची पद्धत जुनी आहे. मोजणारा भाग प्रमाणित, सीलबंद आणि दीर्घायुषी असावा, तर दाखवणारा भाग स्वस्त आणि सहज बदलता येण्याजोगा असावा. विमानातही रिसीव्हर पॅनेलमागे राहील आणि त्याची माहिती बिनतारी मार्गाने टॅबलेटवर येईल. अशी जोडणी आजही होते. मग पॅनेलवरील महागड्या पडद्याचा अट्टहास कशासाठी?

धागाकर्ता

कारण पडदाही विश्वासार्ह असावा लागतो. आयपॅड ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावा, असे ॲपल कंपनीच सांगते. एप्रिल-मे महिन्यांत उजळाईवाडीच्या विमानतळावर उन्हात दारे लावून उभ्या केलेल्या विमानात तापमान ही मर्यादा सहज ओलांडते. टॅबलेट तापला की पडदा काळा होतो, त्यावर फक्त तापमानाची सूचना उरते आणि तो थंड होईपर्यंत काहीही करता येत नाही. शिवाय घाटावरच्या वाऱ्यात विमान हिंदकळत असताना काचेवरील नेमक्या जागी बोट टेकवणे कठीण असते. पॅनेलवरील संचाची घुंडी मात्र नजर न हटवताही फिरवता येते.

एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या टॅबलेटवरील ॲप बंद पडल्यामुळे डझनावारी उड्डाणांना उशीर झाला. वॉशिंग्टनच्या एका विमानतळाचा नकाशा ॲपच्या डेटाबेसमध्ये दोनदा आला होता, एवढेच त्याचे कारण होते.

प्रतिसाद: प्रशिक्षणार्थी वैमानिकाचे पालक, राजारामपुरी

नव्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट नोंदवते. केवळ वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो. तो सिमकार्डाची सोय असलेल्या मॉडेलमध्येच असतो. स्वस्त मॉडेल घेतले की वेगळा रिसीव्हर घ्यावा लागतो. आणि मुलांनी प्रथम नकाशा, घड्याळ व होकायंत्र यांवर हात बसवावा, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद: अभियंता, शिवाजी उद्यमनगर

ताईंचे म्हणणे मोलाचे आहे. धागाकर्त्यांना मात्र मी दोन गोष्टी विचारतो. जुलै २०२० मध्ये गार्मिनवर सायबर हल्ला झाला, तेव्हा पॅनेलवरील संचांसाठी दर २८ दिवसांनी लागणारा डेटाबेस (मार्ग व विमानतळांची ताजी माहिती) उतरवून घेण्याची सोयही बंद पडली होती. मग सॉफ्टवेअरवरचे अवलंबित्व केवळ टॅबलेटच्या माथी कसे मारता येईल? दुसरे असे की, उपग्रह संकेतांतील हस्तक्षेपाबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढल्या. कोणी सर्व उपग्रहांचे परस्परांशी जुळणारे बनावट संकेत पाठवले, तर आपण वर्णन केलेली ताडून पाहण्याची पद्धतही फसू शकते.

धागाकर्ता

दुसऱ्या मुद्द्याचे गांभीर्य मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच पॅनेलचा आग्रह अधिक धरावासा वाटतो. पॅनेलवरील अनेक संचांत उपग्रह रिसीव्हरसोबत जमिनीवरील रेडिओ केंद्रांचे संकेत घेणारा रिसीव्हरही असतो. एकावर संशय आला की त्याच काट्यावर दुसऱ्याचे मार्गदर्शन घेता येते. टॅबलेटकडे हा पर्याय नाही.

रिसीव्हर मागे आणि पडदा पुढे, ही आपली रचना मार्गक्रमणाच्या टप्प्यात मी स्वीकारीन. परंतु ढगातून धावपट्टीकडे उतरताना वैमानिक ज्या पडद्याकडे पाहतो तो विमानाच्या वीजपुरवठ्यावर चालणारा, पॅनेलला स्क्रूने घट्ट बसवलेला आणि उष्णता व कंपने यांची चाचणी उत्तीर्ण झालेला असावा. तो आकाराने लहान असला तरी चालेल.